हाडांचा काळा

बाबा कढईवरची चरबी झाऱ्याने काढून शेजारच्या डब्यात निथळत होते, आणि दारात उभी असलेली त्यांची मुलगी तोंडाने श्वास घेत होती.

नाकाने घेतला असता तर तो वास आत गेला असता. उकळत्या पाण्यात गुरांची हाडं एकमेकांवर आपटत होती. कडेने तपकिरी फेस जमत होता. बाबांनी एक हाड उचललं, सुरीने त्यावरचा चिवट पापुद्रा खरवडला, बोटाला चिकटलेला तुकडा कढईच्या काठाला पुसला आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम निपटला.

"आत जा की," ते म्हणाले. "वाफ बाधेल. अ‍ॅलर्जी आहे ना तुला."

"हो," ती म्हणाली.

"बाईसाहेबांचं नाक काचेचं," पायरीवर बसलेली आत्या म्हणाली. बाबांची ही थोरली बहीण. हाडं वाळत घालण्यातच तिचा जन्म गेला होता. "आणि आमची काय पत्र्याची?"

"डॉक्टरांनी सांगितलंय तिला. उगाच थट्टा करू नकोस."

कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. शाळेत असताना एकदा मैत्रिणीच्या आईने ती घरात शिरताच खिडकी उघडली होती. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने ही थाप मारली. बाबांनी ती जिवापाड जपली. तेव्हापासून ते जेवायला तिच्यापासून लांबच्या टोकाला बसत. पुढे ती बाहेरगावी राहू लागली, तेव्हा ती यायची असली की भट्टी पेटवत नसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आमच्या लेकीचा श्वास फार नाजूक आहे हो. तिच्या डोक्यावरून हात फिरवणं त्यांनी कधी सोडलं, हे तिला आठवत नव्हतं. सोडल्यावर बरं वाटलं होतं, एवढं आठवत होतं.

या खेपेला मात्र बाबांकडून हाडं जाळून केलेला काळा रंग नेणाऱ्या चित्रकाराला घाई होती. भट्टी लावणं भाग होतं. संध्याकाळी बाबांनी आधीची वाळलेली हाडं लोखंडी हंड्यांत ठासली आणि झाकणांच्या कडा ओल्या मातीने लिंपल्या. फटीतून हवा शिरली तर काळ्याऐवजी हाती पांढरी राख येते. जाळही रात्रभर एकसारखा लागतो. तो पेटवून झाल्यावर ते तिच्या खिडकीबाहेर ओली चादर टांगायला आले.

"धूर येतोय का गं?"

"नाही."

"आला तर हाक मार. विझवतो."

येत होता. जळक्या केसांचा, खवट चरबीचा. तिने उशीत तोंड खुपसलं आणि हाक मारली नाही. तेवढाच आपला चांगुलपणा, असं तिला वाटलं.

पहाटे आत्याने हाक मारली. बाबा भट्टीसमोरच्या बाकावर भिंतीला टेकून बसले होते. हातातली सळई अजून सुटली नव्हती. मग डॉक्टर आले, शेजारी जमले. न्यायच्या आधी आत्याने भावाच्या कपाळाला गाल लावला. मुलीनेही हात पुढे केला, पण त्यांच्या कानामागे थिजलेला चरबीचा ओघळ दिसला आणि तिने हात मागे घेतला. लोकांना वाटलं, पोरीला सोसवत नाही. कुणीतरी तिला धरून खुर्चीवर बसवलं. भट्टीत लाकूड सारायचं कुणाच्या ध्यानात येणार?

काही दिवसांनी चित्रकार भेटायला आला. चांगला इस्त्रीचा सदरा, आवाज हळू.

"फार वाईट झालं. असा काळा आता कुठे मिळायचा? मखमल होती नुसती."

"शेवटचे हंडे तसेच आहेत," आत्या म्हणाली. "बघू या उघडून."

तिने छिन्नीने माती फोडली आणि झाकण सरकवलं. आतला भपकारा तिघांच्याही तोंडावर आदळला. हाडं काळी झालीच नव्हती. अर्धीकच्ची, तपकिरी, चिकट. पोकळ्यांतून झिरपलेलं तेल तळाशी डांबरासारखं साचलेलं.

चित्रकाराने रुमाल काढून नाकाला लावला आणि हळूच मागे सरला. रुमालाच्या वर त्याचे डोळे सभ्यपणे हसत होते. बाबांसमोर आपण अशाच दिसत असू, असं तिच्या मनात आलं, आणि त्या डोळ्यांची तिला हंड्यातल्या घाणीपेक्षा जास्त शिसारी आली.

"टाकून द्या, ताई. गेलं ते गेलं."

"टाकायचं कशाला?" आत्या म्हणाली. "अर्धा जाळ मिळालाय, उरलेला द्यायचा. पण सगळं काढून, पुसून, पुन्हा ठासायला हवं. माझी बोटं वळत नाहीत आता."

मुलीने बाह्या वर सारल्या आणि हंड्यात हात घातला. हाड गार होतं, बुळबुळीत होतं, दोनदा निसटलं. तळाची घाण नखांत गेली. ती उठली, भिंतीपाशी जाऊन ओकली, चूळ भरली आणि परत येऊन बसली. मन पालटलं वगैरे काही नाही. किळस होती तशीच होती, आता कोपरापर्यंत चढलेली.

"अहो ताई, तुम्ही नका करू," चित्रकार रुमालाआडून म्हणाला. "तुम्हाला अ‍ॅलर्जी ना? बाबा किती जपायचे तुम्हाला! मी घाई केली तर मला म्हणाले, लेक यायची आहे, आत्ता भट्टी लावायला लावू नका. मीच हट्ट धरला."

आत्याने छिन्नी खाली ठेवली आणि भाचीकडे पाहिलं.

तिने हातातलं हाड चिंधीने पुसलं. आतली कड नखाने खरवडली. ते बाजूला ठेवून दुसरं घेतलं.

"मला अ‍ॅलर्जी नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हती. मला बाबांची किळस यायची."