बरा झालेला गुडघा

पेढे वाटायची घाई मलाच झाली होती. मेलबर्नजवळ वेरिबीला हॉकीची नवी टीम निघाली आणि त्यांनी माझ्या उर्वीला निवडलं, असा मेसेज आला. सिडनीत आम्ही राहतो त्या टूनगॅबीतलं ओळखीचं एकही घर मी सोडलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. लेकीच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तेव्हा ऑपरेशन सर्जनने केलं, पण पुढचे दहा महिने गॅरेजमध्ये चटई टाकून तिला उभं केलं ते मी. ती ओरडायची, "आई, enough!" मी मोजत राहायचे. गेल्या महिन्यात तिने त्या एका पायावर दहा उठाबशा काढल्या, आणि रडले मी.

नवी टीम आली की जुने क्लब आपापल्या सात मुली राखून ठेवतात आणि उरलेल्यांतून नवी टीम निवड करते. सिडनीच्या क्लबने उर्वीला राखलं नाही, याचा मला संताप आला होता. पण वेरिबीने पहिलं नाव तिचंच घेतलं. म्हटलं, कुणाला तरी पारख आहे!

कसली पारख न् कसलं काय. आम्ही तिघं विमानाने वेरिबीला गेलो. मॅनेजर ग्लेनने कॉफी दिली आणि एक फॉर्म पुढे सरकवला. गुडघा अजून दुखतो, या सीझनला खेळू शकत नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"But I'm fit," उर्वी म्हणाली.

"No worries, mate. Take the season off," ग्लेन म्हणाला आणि थंडपणे सगळं समजावून सांगू लागला. पगारांवर एकूण किती खर्च करायचा, याला लीगची वरची मर्यादा आहे, तशी खालचीही आहे. सिडनीवाले वर गेले होते, वेरिबीवाले खाली होते. उर्वीचा पगार इकडे सरकवला की दोघंही नियमात. वर सिडनीने बक्षीस म्हणून एक नवी खेळाडू निवडायचा आपला हक्कही यांना देऊन टाकला. आणि जखमी मुलीचा पगार देते विमा कंपनी, म्हणजे क्लबच्या खिशातून डॉलरही नाही. सगळं कायदेशीर. यांना माझी मुलगी नकोच होती, तिचा तुटका गुडघा हवा होता. आणि मी मूर्ख, तो नीट करून बसले!

"आणि सही नाही केली तर?" मी इंग्रजीत विचारलं.

"मग तिला सोडावं लागेल. खेळणाऱ्या डिफेंडर आमच्याकडे भरपूर आहेत."

माझा नवरा उल्हास माझ्या कानाशी लागला, "अगं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. घरबसल्या पगार."

मला त्याचा ग्लेनपेक्षाही जास्त राग आला. पंचविशीत लागोपाठ दोन सीझन बाहेर बसलेल्या डिफेंडरला पुढे कोण विचारतं? हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

उर्वीने पेन उचललं. तिने ते फॉर्मवर आडवं ठेवलं, खुर्ची मागे सारली, बूट काढले आणि ऑपरेशन झालेल्या पायावर उभी राहिली.

"आई, मोज."

"एक!" मी म्हणाले.

ग्लेन दाराकडे बघत होता. उल्हास खाली मान घालून बसला होता. सातला तिचा पाय थरथरला, पण मी मोजणं थांबवलं नाही. दहा झाल्यावर तिने बूट घातले, फॉर्म ग्लेनकडे परत सरकवला आणि मला म्हणाली, "चल, सोमवारपासून टीम शोधू."