तूच लिहून आण

"शिफारसपत्र ना? तूच लिहून आण, मी सही करतो," सर म्हणाले आणि पुन्हा संगणकात डोकं घालून बसले.

आता याला काय म्हणावं! ज्याच्या हाताखाली सहा वर्षं राबायचं, त्यानं आपल्याबद्दल चार शब्द लिहायचे, तर तेही आपणच लिहायचे. पण त्या विभागात सगळ्यांचं असंच चाले. पीएच.डी. करणारा प्रत्येक जण स्वतःची आरती स्वतःच ओवाळून आणी आणि सर न वाचता खाली सही ठोकत. मागे एका दिवट्यानं मित्राच्या पत्राची नक्कल केली आणि नाव बदलायचंच विसरला, तरी सही झाली होती.

सूनबाई केबिनबाहेर आली तेव्हा अकरा वाजले होते. सूनबाई हे तिचं लॅबमधलं नाव, लग्नबिग्न काही झालेलं नव्हतं. पाण्यातलं विष मोजणारं एक जुनाट मशीन तिथे होतं, त्याला सगळे थेरडं म्हणत. थेरडं दिवसातून तीनदा रुसायचं, शिट्ट्या मारायचं, आणि या एका पोरीशिवाय कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही. त्याचं सगळं दुखणंखुपणं तीच काढायची, म्हणून ती थेरड्याची सून.

पत्र पाचच्या आत पोचायला हवं होतं. पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. तिथले साहेब फोनवर म्हणाले होते, "पत्र म्हणजे नुसती फायलीची पूर्तता हो, पण आज आलं नाही तर यादीतल्या पुढच्याला बोलवावं लागेल." आणि पुढच्या आठवड्यात तिला बत्तीस पूर्ण होत होती. मग वयाची अट आडवी येणार, असल्या जागेसाठी अर्जसुद्धा करता येणार नाही.

स्कॉलरशिप संपून आठ महिने झाले होते. ती थोरल्या बहिणीकडे, बाहेरच्या खोलीतल्या कोचावर झोपायची. भावजी वाईट नव्हते. पण सकाळी पेपर उघडता उघडता "काय मग डॉक्टर, कधी होताय?" असं हसून विचारायचे, तेव्हा तिला वाटायचं, धरणी पोटात घेईल तर बरं. कारखान्यांनी तिला "फार शिकलेली" म्हणून परत पाठवलं होतं आणि कॉलेजांनी "प्रबंध कुठाय?" म्हणून. प्रबंध सर सोडत नव्हते. "अजून एक पेपर होऊ दे" असं म्हणत तीन पेपर झाले होते. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, दुसरं काय!

मागच्या महिन्यात तर करिअर नियोजनाची कार्यशाळासुद्धा झाली. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी कागद वाटले, 'पाच वर्षांनी मी कुठे असेन?' तिनं लिहिलं, 'इथेच, थेरड्यापाशी.' गृहस्थ खो खो हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तर ती पत्र लिहायला बसली. तासाभरात पाच ओळी झाल्या. कुणाला तरी दाखवावं म्हणून तिनं ताईला फोन लावला. ताईचं शिलाई मशीनचं दुकान होतं आणि बोलण्यात तिचा हात कुणी धरत नसे.

"वाच बघू," ताई म्हणाली.

"'उपलब्ध माहितीवरून ही विद्यार्थिनी प्रामाणिक असावी असे दिसते. तिचे काम बहुतांशी समाधानकारक असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'"

"अगं ए! ही शिफारस आहे का पोलिसांचा पंचनामा?"

"ताई, पुराव्याशिवाय ठाम कसं लिहायचं? सहा वर्षं हेच तर शिकलेय मी."

"मग मीपण गिऱ्हाइकाला सांगते, ही मशीन बहुधा शिवत असावी बरं का! दुकानाला टाळंच लागेल माझ्या. खोटं लिहू नकोस, पण आहे ते छाती पुढे काढून लिही. तुमचं ते थेरडं कोण चालवतं?"

"मी."

"झालं तर! तेच लिही."

आणि तिनं लिहिलं. कंपनीनं सुटे भाग द्यायचं बंद केलं तेव्हा या मुलीनं ते गॅरेजवाल्याकडून घडवून आणले. दोन प्रयोगशाळांनी चांगलं ठरवलेल्या विहिरीच्या पाण्यात हिनं शिसं शोधून काढलं, म्हणून ती विहीर बंद झाली. लॅबमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला हिनं हात धरून शिकवलं. लिहिता लिहिता तिचे डोळे भरून आले. अगंबाई, एवढं सगळं आपण केलं? कुणी म्हणालंच नव्हतं कधी.

चारला ती केबिनमध्ये गेली. सरांनी पेन उघडलं. पण नशीब बघा, चहा नुकताच आला होता आणि फार गरम होता. तो निवेपर्यंत करायचं काय, म्हणून सरांनी पत्र वाचायला घेतलं. वाचत गेले, वाचत गेले आणि पेनाला टोपण लावलं.

"हे सगळं तू केलंस?"

"हो सर."

"मला पत्ताच नाही! अगं, वेडी आहेस का तू? एवढ्या गुणाच्या मुलीला मी नळाचं पाणी तपासायला धाडू? पाप लागेल मला. आपला नवा प्रकल्प मंजूर झालाय, तीन वर्षांचा. तू गेलीस तर मशीन कोण बघणार? प्रबंधाचं बघू दोनेक वर्षांत, घाई काय आहे!"

आणि त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. रागानं नव्हे हो, मायेनं. तिथेच तर सगळी पंचाईत. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

"सर, मला बत्तीस पूर्ण होतायत. पुन्हा अशी जागा नाही मिळायची. पाया पडते तुमच्या."

"तुझ्या भल्याचंच सांगतोय मी."

"सर, पाचपर्यंतच वेळ आहे."

"जाऊ दे ती नोकरी. यापेक्षा मोठी होशील तू."

घड्याळात चार वाजून दहा झाले होते. आणखी तीन वर्षं तो कोच, आणखी तीन वर्षं "काय मग डॉक्टर." तिनं खुर्चीची पाठ धरली आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"सर, ते खोटं आहे."

"काय?"

"मी वाढवून लिहिलं. मला मशीनमधलं काही कळत नाही. कंपनीचा जुना मेकॅनिक फोनवर सांगायचा आणि मी नुसते स्क्रू फिरवायचे. ते शिसंसुद्धा चुकून सापडलं."

बोलत असताना ती सरांच्या तोंडाकडे बघत होती. आता ते म्हणतील, "काहीतरी बडबडू नकोस, सहा वर्षं बघतोय मी तुला." म्हणा ना सर. क्षणभर तिला अगदी मनापासून वाटलं, नोकरी गेली खड्ड्यात, पण एवढं एक वाक्य म्हणा.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग मान हलवली.

"तरीच," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

पुढचं सगळं भराभर झालं. तिनं चार ओळींचं नवं पत्र आणलं. वेळेवर येते, सांगितलेलं काम करते, नेमून दिलेल्या तपासण्यांसाठी योग्य आहे. सरांनी ते मात्र नीट वाचलं, सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली, 'स्वभावाने गरीब आहे.' सहा वर्षांत तिच्याबद्दल त्यांनी स्वतः लिहिलेलं तेवढं एकच वाक्य.

पाचला दहा कमी असताना पत्र गेलं. साहेबांचा फोन आला, सोमवारी या. तिनं जिन्यात बसून ताईला सांगितलं, तशी ताई दुकानातच ओरडली. तिकडे गिऱ्हाईक हसल्याचं ऐकू आलं. मग ताईला इकडचे हुंदके ऐकू आले.

"अगं, रडतेस काय वेडे? मिळाली ना नोकरी?"

"मिळाली."

"मग? मी सांगितलं तसं खरं खरं लिहिलंस ना?"

"लिहिलं होतं. ते नाही चाललं. मग खोटं लिहिलं, मला काहीच येत नाही असं."

"अगंबाई! आणि सरांनी मानलं ते?"

"लगेच," ती म्हणाली. "लगेच मानलं गं, ताई."