वाचून दाखवलेला कागद

शकुनचा एखाद्यावर भरवसा बसला की बसला. डोळ्यांनी दिसत नसलं तरी माणूस आवाजावरून कळतो, असं ती छातीठोक सांगायची. आणि चांदूर रेल्वेहून ये-जा करणाऱ्या मैत्रिणीचा, प्रतीक्षाचा आवाज तर ती तीन वर्षं ऐकत होती. शकुन म्हणजे बार्शीटाकळीच्या माळ्याची पोर, अमरावतीला अर्थशास्त्रात एम.ए. करत होती, काही थट्टा नव्हे! टाईप केलेला मजकूर तिचा फोन धडाधड वाचून दाखवायचा. पण कॉलेजातले महाभाग नोट्स पाठवायचे वहीच्या पानांचे फोटो काढून. फोटो आला की फोन मुका. तेवढ्यापायी दोन विषय राहिले. बापानं बजावलंच होतं, यंदा नाही सुटले तर बोरियाबिस्तर घेऊन घरी ये.

मग तिला कळलं, की दिसत नसलेल्या मुलांना वाचता येतील अशा नोट्स देणं कॉलेजला कायद्यानंच बंधनकारक आहे, तो उपकार नव्हे. ती थेट खुशालराव सरांकडे गेली. दिव्यांग कक्षाचे प्रमुख तेच. "हो न बेटा, करून टाकू," सर साखरेत घोळून बोलले.

आठवड्याभरानं त्यांनी प्रतीक्षाच्या हाती कागद धाडला. "तुहा अर्ज हाये वं," प्रतीक्षा म्हणाली आणि तिनं वाचून दाखवलं: मला वाचता येतील अशा नोट्स मिळाव्यात, ही विनंती. मग नेहमीसारखी ओळीखाली पट्टी धरली, शकुनचं बोट जागेवर ठेवलं. शकुननं सही ठोकली.

दोन महिने गेले, नोट्सचा पत्ता नाही. शेवटी वैतागून शकुननं दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली आणि एक दिवस चौकशीला अधिकारी बाई कॉलेजात आल्या. प्राचार्यांच्या खोलीत सगळे बसले. सर एकदम निवांत. त्यांनी पुढे केलेला कागद बाईंनी मोठ्यानं वाचला.

"मला सर्व अभ्याससाहित्य माझ्या फोनवर वाचता येते. कॉलेजविषयी माझी काहीही तक्रार नाही." खाली शकुनची सही. 'वाचून दाखवले' म्हणून प्रतीक्षाची.

"कागद बदलला यायनं!" शकुन ताडकन उठली. "प्रतीक्षा, सांग न वं मॅडमले, तू मले काय वाचून दाखवलं होतं ते!"

शेजारची खुर्ची करकरली.

"कागद तोच हाये, मीच दुसरं वाचलं," प्रतीक्षा कशीबशी बोलली. "सर मले ऑफिसात नोकरीले लावून देऊन राहिले होते. चांदूर रेल्वेहून नोकरीपायी किती दिवस फुकटच्या चकरा मारू मी? मले वाटलं, कागदच तर हाये."

कागदच तर हाये! शकुनला सरांचा रागही येईना. सर परके होते. ही मात्र तिच्या ताटात जेवलेली पोर होती.

बाईंनी सरांना चांगलं फैलावर घेतलं. प्रतीक्षाचं बोलणं जसंच्या तसं नोंदवून घेतलं आणि शकुनचा जबाब सहीसाठी त्या तिला वाचून दाखवू लागल्या. शकुननं हात मागे घेतला. "नाही मॅडम. टाईप करून माह्या फोनवर पाठवा. फोननं वाचल्याबिगर मी कायवरच सही नाही करत." बाईंना तसं करावं लागलं. कॉलेजनं पंधरा दिवसांत सगळ्या नोट्स टाईप करून द्याव्यात, असा आदेशही त्यांनी दिला. कायदा शकुनच्या बाजूनं उभा राहिला खरा, पण परीक्षा आठव्या दिवशी होती.

बाहेर व्हरांड्यात प्रतीक्षानं तिची बाही धरली. ती रडत होती.

"शकुन, चुकलं माह्यं. त्या फोटोतल्या नोट्स मी वाचून देईन तुले. आठही दिवस, पहिल्या पानापासून. पास होशीन तू."

ती खरंच वाचेल, असं शकुनला वाटत होतं. तोच आवाज, तीच माया. पण हेच तर त्या कागदाच्या वेळीही वाटलं होतं. शकुननं हळूच बाही सोडवून घेतली.

"तू जे वाचशीन, ते खरं हाये का खोटं, हे मी कोणाले विचारू वं?"