तक्रारबाईंचं कच्चं पान

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. सध्या माझा मुक्काम गोदामात, तेलाचे डबे आणि पाय मोडलेल्या खुर्च्या यांच्यामधल्या एका फळीवर. अंगावर एक फडकं आहे, पण ते काही माझी काळजी म्हणून नाही हं! वरून चुना पडतो, म्हणून अख्ख्या फळीवरच टाकलेलं आहे. तुम्ही म्हणाल, भिंतीवर चित्रं पाडणारं खोकं ते, त्याला सांगण्यासारखं काय असणार? तुमचंही बरोबर आहे. पण एकदा मला भिंतीवर असं काही दाखवावं लागलं की अजून आठवण आली तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे तपासणी करणाऱ्या बाईंनी माझा पहिला उजेड पडद्यावर पाडून पाहिला आणि "झकास!" म्हणाल्या. ती माझी पहिली शाबासकी. मग लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने मला विकत घेतलं आणि बैठकीच्या खोलीत छताला उलटं टांगलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दर महिन्याच्या बैठकीला मला मान होता. पडदे ओढायचे, दिवे मालवायचे आणि सगळ्यांनी माझ्या उजेडाकडे तोंड करून बसायचं!

माझ्यात एक खोड मात्र होती. मी तापायचो आणि तापलो की आपोआप विझायचो. साहेबांचं बोलणं ऐन रंगात यायचं आणि मी गप्प. "टाकली याने मान!" म्हणून लोक हसायचे आणि चहा प्यायला पळायचे. शिव्या पुष्कळ खाल्ल्या मी, पण मनातून सगळ्यांना मी हवाच होतो.

त्या कंपनीत तक्रारी घेणाऱ्या एक बाई होत्या. कुठे लिफ्ट अडकली, कुठे दार लागत नाही, सगळे फोन त्यांच्याकडे. म्हणून त्यांचं नावच पडलं तक्रारबाई. गंमत बघा, स्वतः मात्र त्यांनी कधी कशाची तक्रार केली नाही. अडकलेल्या माणसाशी त्या अशा बोलायच्या की तो रडायचा थांबायचा. "घाबरू नका हं, माणूस निघालाय, मी फोन ठेवत नाही," असं म्हणायच्या आणि खरोखरच ठेवायच्या नाहीत.

त्यांची एक सवय होती. फोन चालू असताना त्या संगणकावर एक कोरं पान उघडायच्या आणि मनात येईल ते त्यात दोन बोटांनी टाइप करत राहायच्या. 'चौथा मजला, दार कुरकुरतंय. दूध आणायचं. हा माणूस किती ओरडतो बाई!' फोन संपला की पान जपून न ठेवताच बंद. सगळं पुसलं जायचं. याला त्या कच्चं पान म्हणायच्या. बैठकीत त्यांच्या संगणकाची वायर मला जोडली की ते पान कधी कधी क्षणभर भिंतीवर दिसायचं. त्या जीभ चावायच्या आणि पटकन बंद करायच्या. त्यावरून त्यांनी एक गोष्ट पक्की धरली होती, की आपल्या संगणकाला वायर जोडली तरच आपलं भिंतीवर दिसतं.

मग एक दिवस साहेबांनी सांगितलं, यापुढे सगळं काम क्लाउडवर. तक्रार एकीकडे लिहिली की त्याच क्षणी मिस्त्रींच्या मोबाइलवर दिसणार. शिकवायला बाहेरून माणूस येणार. आणि मग साहेब जरा घसा खाकरून म्हणाले, "महिनाअखेर जुनी पद्धत बंद. ज्यांना नवीन जमणार नाही, त्यांना गोदामात बसवू. नटबोल्ट मोजायला." तक्रारबाईंचा चेहरा पडला. त्यांचा जीव त्या फोनच्या टेबलात होता.

शिकवणीच्या दिवशी शिकवणारा तरुण सकाळीच आला आणि त्याच्या मागोमाग तक्रारबाई डबा घेऊन आल्या. खोलीत आम्ही तिघंच.

"सकाळी काही न खाताच निघालास. दोन घास खा आधी."

"आत्या! इथे नको ना." तो दाराकडे बघत म्हणाला. "आणि हे बघ, आपलं नातं कुणाला सांगू नकोस. वशिल्याने आला म्हणतील. मी तुला मॅडम म्हणेन."

"बरं बाबा, मॅडम तर मॅडम. पण मला ते सगळं जमेल ना रे?"

"जमेल गं. फक्त मधेमधे विचारत बसू नकोस. माझं पहिलंच मोठं काम आहे. अडलं तर घरी सांगेन."

"घरी चिडतोस तू," त्या हळूच म्हणाल्या, आणि डबा पिशवीत परत ठेवून शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

खोली भरली. प्रत्येकासमोर एक संगणक. माझी वायर फक्त भाच्याच्या संगणकाला. तो हुशार होता, पण बोलत होता असा की जणू कुणी मागे लागलंय.

"आता आपल्या फायली इथे नाहीत, वर आहेत," तो म्हणाला.

"वर म्हणजे कुठल्या मजल्यावर?" मोठ्या मिस्त्रींनी विचारलं. आयुष्य लिफ्टमध्ये गेलेला माणूस तो, दुसरं काय विचारणार? सगळे खो खो हसले. मोठे मिस्त्री ओशाळले आणि त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. त्यांचं पाहून बाकीचेही गप्प. भाचा दर वेळी विचारायचा, "समजलं?" आणि सगळे माना डोलवायचे. मी छतावरून पाहत होतो ना! कुणाच्याही चेहऱ्यावर समजल्याची खूण नव्हती.

मग त्याने एक सामाईक पान उघडलं. ते भिंतीवर दिसलं आणि प्रत्येकाच्या संगणकावरही उघडलं. "कुणीही काही लिहिलं की सगळ्यांना दिसतं आणि जपून ठेवावंही लागत नाही," असं तो भरभर बोलून गेला, आणि भिंतीकडे पाठ करून पुढच्या मुद्द्यावर पोचलासुद्धा. तक्रारबाईंचं हे वाक्य ऐकायचं हुकलं. त्यांना समोर दिसलं ते एक कोरं पान. आपल्या संगणकाला वायर नाही, म्हणजे हे आपलंच. बोटं आपोआप चालू लागली.

भिंतीवर एकेक अक्षर उमटायला लागलं.

'काही कळत नाही. परत सांग म्हणायचं होतं. पण सगळ्यांना समजलंय, मी एकटीच ढ. आत्या म्हणू नको म्हणालास, नाही म्हणणार. तुला लाज वाटते माझी. तुला बुटाची नाडी बांधायला शिकवताना मी किती वेळा परत परत सांगितलं रे. एकदा तरी चिडले होते का?'

खोलीतल्या प्रत्येकाने ते वाचलं. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग तेही थांबलं. "बाई, भिंतीवर दिसतंय हो," एवढे चार शब्द कुणाच्याही तोंडून निघाले नाहीत. लोक कसे गप्प बसतात याची, मित्रांनो, मला फार लाज वाटली. भाच्याने वळून भिंत पाहिली आणि तो जागीच थिजला. आणि मी? एरवी जरा तापलो की मान टाकणारा मी, त्या दिवशी मनात म्हणत होतो, विझ रे, आता तरी विझ! पण काय अवदसा आठवली होती कोण जाणे. मी आपला लख्ख.

खोली इतकी शांत का, म्हणून तक्रारबाईंनी मान वर केली. भिंत पाहिली. मग मान खाली घालून त्या सगळं पुसायला लागल्या. पण अख्खं एकदम कसं पुसायचं ते त्यांना कुठे माहीत होतं? शेवटून एकेक अक्षर जायला लागलं. नाडी गेली, लाज गेली, आत्या गेली. बराच वेळ भिंतीवर 'काही कळत नाही' एवढंच राहिलं होतं. मग तेही गेलं. त्या पिशवी उचलून बाहेर निघून गेल्या.

मग कोऱ्या भिंतीवर आणखी एक ओळ उमटली. 'मलाही कळलं नाही. मोठे मिस्त्री.' त्याखाली दुसरी, मग तिसरी. भिंत भरत गेली आणि भाचा खाली बघत राहिला. शेवटी म्हणाला, "माझी आत्या कुठे गेली?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. यावंच लागलं, नाहीतर गोदाम होतं ना! डोळे सुजलेले, पण मान ताठ. भाच्याने सगळ्यांदेखत हात जोडले.

"काल चूक माझी झाली. सगळ्यांसमोर सांगतो, या माझ्या आत्या. आत्या, तू पुढे बस."

"मॅडम म्हणा," तक्रारबाई म्हणाल्या. "इथे मॅडमच."

त्याचे कान लाल झाले. "हो मॅडम," तो म्हणाला. त्या मागेच बसल्या. त्या दिवशी त्याने सावकाश शिकवलं. दर थोड्या वेळाने भिंतीवर एक ओळ उमटायची, 'परत सांगा', आणि या वेळी ती कुणाला दिसणार आहे ते लिहिणारीला ठाऊक होतं. तो परत सांगायचा. एकदाही चिडला नाही.

तक्रारबाईंचं टेबल वाचलं. नव्या पद्धतीत त्या छान रुळल्या. पण त्यांनी कच्चं पान पुन्हा कधी उघडलं नाही, आणि शिकवणी संपेपर्यंत तो डबाही पुन्हा आला नाही. मग भिंतीवर मोठा टीव्ही लागला आणि मला खाली उतरवलं.

परवा त्या जुना संगणक ठेवायला गोदामात आल्या होत्या. फडकं बाजूला करून त्यांनी माझी काच रुमालाने पुसली. म्हणाल्या, "दर वेळी तर विझायचास रे. त्याच दिवशी काय झालं होतं तुला?"

काच पुसून झाल्यावर त्यांनी फडकं पुन्हा फळीवर ओढलं आणि त्या फोनच्या टेबलाकडे परत गेल्या.

म्हणून मित्रांनो, एकच विनवणी. कुणाला एखादी गोष्ट येत नसेल तर परत सांगा, आणि कुणाची झाकली मूठ चारचौघांत उघडी पडत असेल तर नुसतं बघत बसू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.