कापेल तो मागून घेईल

आईने तिन्ही मुलांना एक नियम शिकवला होता. जो कापेल, त्याने मागून घ्यायचे, आधी निवडायचे दुसऱ्याने. नियम चोख, पण थोरल्याने त्यालाही एकदा वळसा घातला होता. सफरचंदाची मोठी फोड त्याने किडकी बाजू खाली दाबून पुढे ठेवली आणि धाकट्याने ती हावरटासारखी उचलली.

आता घर वाटायचे होते. वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेले दोघे भाऊ वडिलांच्या रिकाम्या घरात उभे होते आणि मधे ताई. थोरल्याने खडूने रेघ ओढली. रस्त्याकडची उजेडाची खोली अलीकडे, मागची ओल धरलेली पलीकडे.

"घे, निवड."

धाकटा घड्याळजी. भाड्याचा गाळा सोडायची त्याला नोटीस आली होती. पुढची खोली मिळाली तर स्वतःचे दुकान, नाहीतर दुसऱ्याच्या हाताखाली चाकरी. यात विचार तो काय करायचा?

पण त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"एवढी सरळ रेघ? तुझी?"

"का, वाकडी हवी होती?"

"आईचं सोनं वाटतानाही असाच गोड बोलत होतास."

"अरे, खोल्या वाटायच्यात," ताई म्हणाली, "शिव्या नव्हे."

धाकट्याने पुढच्या खोलीच्या भिंती ठोकल्या, फरशी दाबून पाहिली. खोट सापडेना, तसा तो जास्तच घाबरला. वरून चकचकीत घड्याळाचा दोष खोल असतो, हे त्याला धंद्याने शिकवले होते. थोरला नगरपालिकेत नोकरीला. रस्ता रुंद होणार असेल, खोली पाडणार असतील, याला आधीच कळले असेल!

"मागची," तो म्हणाला.

ताईने कपाळाला हात लावला. थोरला गडबडला. "वेड्या, पुढची तुझ्या दुकानासाठीच ठेवली होती. बदल अजून."

"आता तर मुळीच नाही."

"बरं, मग माझ्या खोलीत दुकान थाट. भाडं नको मला."

"ऐकलंस ताई? भाडं नको म्हणतोय! हा!"

सह्या झाल्या. धाकटा मागच्या खोलीत टेबलाची जागा शोधू लागला. तिथे खिडकी नव्हती. उजेड यायचा तो पुढच्या खोलीतून, दारावाटे. दारात उभा असलेला थोरला बाजूला सरकला.

धाकट्याने मान वर केली. "का सरकलास रे?"