पलीकडच्या गच्चीवरची चादर

मित्रांनो, किल्ल्याच्या उत्तर बुरुजावर लोखंडी खांबावर बसवलेली एक जुनी दुर्बीण तुम्ही पाहिली असेल. तिला डोळा लावून, "छे, काहीच दिसत नाही," म्हणत तुम्ही पुढे गेला असाल. ती मीच. तुमचा मला राग नाही. पण दिसत का नाही, तेवढे ऐकून घ्या.

ज्या कारागिराने माझे पुढचे भिंग घडवले, त्याला अकरा दिवस लागले. रोज आदल्या दिवसापेक्षा बारीक पूड घेऊन तो काच घासत होता. शेवटी काच आहे की नाही, हेच कळेना. "आता हिला घासायची नाही, धूळ बसली तर फक्त फुंकर घालायची," असे तो म्हणाला. ते वाक्य कारखान्यातच राहिले. मी एकटीच पेटीत बसून सरहद्दीवर आले.

माझे उमेदीचे दिवस सैन्यात गेले. नदीपलीकडच्या चौकीवर नजर ठेवणे हे माझे काम. तिथला एक शिपाई रोज सकाळी दाढी करायचा आणि आमचा पहारेकरी त्याच्याकडे बघत पुटपुटायचा, "आज पुन्हा कापून घेतलंन येड्याने." एके सकाळी चौकीच्या जागी नुसता धूर होता. पहारेकऱ्याने डोळा बाजूला केला, तो बराच वेळ परत लावला नाही.

पुढे लढाई थांबली, सरहद्द मात्र राहिली. किल्ला पाहायला लोक येऊ लागले. तोफा, खंदक आणि मी अशी आमची राखण एका म्हाताऱ्या माणसाकडे आली. सगळे त्यांना किल्लेदार म्हणत. किल्ला त्यांचा नव्हता, झाडू तेवढा त्यांचा होता.

दर वर्षी एका ठरावीक दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी चढण चढून यायच्या. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन नदीपलीकडे गेली आणि मग रस्ते बंद झाले. तिने शेवटच्या पत्रात लिहिले होते, "आई गेली त्या तारखेला, सकाळी दहा वाजता, मी गच्चीवर पिवळी चादर वाळत घालीन. दिसली की समज, मी आहे." त्यानंतर पत्रेही थांबली. नऊ वर्षे मी मावशींना ती चादर दाखवली. पाहून झाल्यावर त्या पायरीवर बसून भाकरतुकडा खात आणि किल्लेदारांशी भरभरून बोलत.

दहाव्या वर्षी, त्या तारखेच्या आठ दिवस आधी, मोठे साहेब किल्ला बघायला येणार होते. किल्लेदारांनी तोफांची पितळी कडी पॉलिशने घासली, दरवाजाचे खिळे घासले. हात चालू होताच, तर त्याच फडक्याने त्यांनी माझी काचही घासली. अगदी मन लावून. पितळेच्या पॉलिशमध्ये खरखरीत पूड असते. ती पितळ उजळते आणि काचेवर हजारो चरे पाडते. चरे पडले की उजेड सरळ आत येत नाही, विखुरतो.

साहेब आले. "वा, दुर्बीण नव्यासारखी ठेवलीत," म्हणाले. माझ्यातून त्यांनी पाहिले नाही.

मग मावशी आल्या. त्यांनी डोळा लावला, काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"दादा, धुकं आहे का हो आज?"

किल्लेदारांनी वाकून पाहिले. माझ्यात फक्त पांढुरका उजेड होता. त्यांनी खिशातल्या फडक्याला हात लावला आणि सगळे त्यांच्या ध्यानात आले.

"माझेही डोळे गेले आता. तुम्हीच बघा ना नीट," मावशी म्हणाल्या. "आहे चादर?"

किल्लेदारांनी पुन्हा डोळा लावला.

"आहे. पिवळी आहे."

"हलतेय?"

"हो तर. चांगली फडफडतेय."

मावशींनी मान वर केली. बुरुजावरचा झेंडा काठीला चिकटून उभा होता. वाऱ्याचा मागमूस नव्हता. त्या झेंड्याकडे पाहत राहिल्या, मग किल्लेदारांच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

"बरं झालं. मग आहे ती."

त्या दिवशी त्या पायरीवर बसल्या नाहीत. भाकरीची पुरचुंडी तशीच घेऊन उतरल्या. पुढच्या वर्षी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

चादर होती की नव्हती, ते मलाही माहीत नाही. मी तिकडेच तोंड करून उभी होते.

मित्रांनो, जुनी वस्तू चकाकली की तिची काळजी घेतली असे वाटते. हात लावण्याआधी ती कशासाठी केली आहे, तेवढे कुणाला तरी विचारा. किल्लेदार अजूनही तोफा घासतात. मग माझ्यापाशी येतात, फडके पाठीमागे धरतात आणि माझ्यावर हळूच फुंकर घालतात.