घासलेली रेकॉर्ड

फेब्रुवारीतला तो उजेड खिडकीतून आत येण्याआधी छताला लागत असे. बाहेरच्या पार्किंगमध्ये साचलेल्या बर्फावर सूर्य टेकला, की खालून वर उसळलेली एक फिकट, दुधाळ झाक खोलीच्या छतावर पसरायची आणि क्षणभर खोली उलटी टांगल्यासारखी वाटायची. मग हळूहळू खरा उजेड यायचा. ब्लाइंड्सच्या पट्ट्यांमधून कापला जाऊन तो कार्पेटवर पडायचा आणि सरकत सरकत शेल्फच्या सर्वांत खालच्या कप्प्याशी पोचायचा. तिथे रेकॉर्ड्स उभ्या होत्या. त्यांच्या अरुंद पाठी एरवी काळपट दिसत. उजेड शिवला की एक विटकरी होई, एक शेवाळी, एक जुन्या पोस्टकार्डासारखी पिवळी. धुळीचे कण त्या तिरप्या पट्ट्यात वर जात, खाली येत, कुठेच पोचत नसत. निमिष उजव्या कुशीवर पडून हे सारे पाहत असे. त्या कुशीवर निजले की खोली फार शांत व्हायची. ती शांतता बर्फाची आहे, असे तो समजत होता.

निमिष पुण्याहून डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आला त्याला चार हिवाळे झाले होते. गाड्यांच्या इंजिनांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ऑफिसात त्याचे काम चोख होते आणि बोलणे बेताचे. वीकेंडला बाकीची मुले क्रिकेट बघायला जमत. हा डेट्रॉइटमधल्या जुन्या दुकानांत, मांजरांचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येणाऱ्या खोक्यांत बोटे फिरवत जॅझच्या रेकॉर्ड्स शोधत राही. या नादाला तो इथेच ओळख झालेल्या गुरुनाथकाकांमुळे लागला होता.

संक्रांतीच्या सुमारास त्याला सर्दी झाली. सर्दी गेली, पण त्यानंतर जुन्या स्टीरिओ रेकॉर्ड्समधला निम्मा आवाज नाहीसा झाला. त्या काळातल्या ध्वनिमुद्रणात वाद्ये सरळ वाटून दिलेली असत: सॅक्सोफोन डाव्या कानात, ड्रम्स आणि पियानो उजव्या. निमिषला आता फक्त उजवीकडचे ऐकू येई. त्याने केबल बदलली. सुई बदलली. मग नवे हेडफोन आणले. शेवटी त्याने ठरवले की या रेकॉर्ड्सच घासल्या आहेत. पूर्वीच्या कुणा मालकाच्या बोथट सुईने खाचेची डावी भिंत खरवडून नेली आहे. असे होऊ शकते, हे त्याने वाचलेही होते. त्यानंतर तो फक्त मोनो रेकॉर्ड्स विकत घेऊ लागला. मोनोमध्ये दोन्ही कानांना एकच आवाज जातो. तिथे काही हरवत नाही.

त्या रविवारी तो काकांकडे पोचला तेव्हा दारातच खोकी रचलेली होती.

"बूट तिकडे काढ, चिखल आणू नकोस," रत्नाकाकू डावीकडच्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्या बाहेरच आल्या, हातात झारा घेऊन. "अरे, तुझ्याशी बोलतेय मी! पोहे घेणार की उपमा?"

"सॉरी काकू. पोहे."

"उपमाच केलाय. विचारायचं म्हणून विचारलं." त्या हसल्या. "जा खाली. सकाळपासून वाट बघताहेत. आणि त्यांना सांग, त्या पिपाण्यांच्या रेकॉर्ड्सची खोकी उचलायला मूव्हर्स जास्त पैसे मागताहेत."

काका पस्तीस वर्षे गाड्यांचे दरवाजे डिझाइन करून निवृत्त झाले होते. आता घर विकून दोघे कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला, मुलीकडे, उल्काकडे निघाले होते. तिथे त्यांना एक खोली मिळणार होती. मोजक्या रेकॉर्ड्स सोबत न्यायच्या आणि बाकी साऱ्या निमिषला द्यायच्या, असे काकांनी दिवाळीतच जाहीर केले होते. "विकणार नाही. ज्याला ऐकता येतं, त्याच्याकडे जातील." हे वाक्य निमिषने मनात अनेकदा पुन्हा म्हणून पाहिले होते. आयुष्यात त्याच्याबद्दल इतके चांगले कुणी बोलले नव्हते.

बेसमेंटमध्ये दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या आणि एकाच अ‍ॅम्प्लिफायरला दोन हेडफोन लावलेले होते. काकूंच्या डोकेदुखीमुळे स्पीकर केव्हाच गेले होते. काका आणि निमिष यांचा एक रिवाज होता. रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचे नाही. संपली की प्रत्येकाने आपण नवे काय ऐकले ते एका वाक्यात सांगायचे. आवडले, छान आहे, असले काही चालत नसे. "बेस वाजवणारा मध्येच श्वास घेतो," असे एकदा निमिष म्हणाला, तेव्हा काकांनी ती जागा पुन्हा पुन्हा लावून पाहिली होती आणि काकूंना वर जाऊन सांगितले होते की या पोराला कान आहेत.

मागच्या रविवारी काकांनी त्यांची सर्वांत लाडकी रेकॉर्ड लावली होती. डेट्रॉइटच्याच चार वादकांची, कुठल्याशा लहान कंपनीने काढलेली. अमेरिकेत आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात, एकही ओळखीचे माणूस नसताना, काकांनी त्या चौघांना एका क्लबात ऐकले होते. बाजू संपल्यावर निमिष ड्रम्सबद्दल बोलला. काका म्हणाले, "हल्ली तू फक्त ड्रम्सच ऐकतोस यार. सॅक्सोफोनवाल्यानं तुझं काय घोडं मारलंय?" तेव्हा निमिषच्या तोंडून निघून गेले होते, "काका, डावी बाजू घासली आहे हिची. सॅक्सोफोन येतच नाही."

काकांनी रेकॉर्ड कव्हरात सरकवली होती आणि दुसरी लावली नव्हती.

आज ती रेकॉर्ड शेल्फवर नव्हती. ती जिन्याशी, चर्चच्या सेलला द्यायच्या सामानात, एका फुटक्या टोस्टरवर आडवी ठेवलेली होती. रेकॉर्ड आडवी ठेवली म्हणून निमिषला कितीदा रागावणाऱ्या माणसाने ती तशी ठेवली होती.

"ही इथे का?"

"घासलेली वस्तू तुला कशी देऊ?" काका खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाले. "आणि टर्नटेबलपण तूच घेऊन जा. मी नेत नाही."

"तुम्ही तिकडे कशावर ऐकणार?"

काकांनी चिकटपट्टी दाताने तोडली. ती वाकडी लागली. त्यांनी ती सरळ केली नाही. "एक सांगतो, वर काकूजवळ बोलू नकोस. तू गेल्यावर मी ती रेकॉर्ड रोज लावली. मला सॅक्सोफोन येतो, निमिष. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, सगळा. आता तू म्हणतोस तो तिथे नाहीच. म्हणजे मी ऐकत नाहीये, मला फक्त आठवतंय. मग बाकीच्या रेकॉर्ड्सचं काय? त्याही मी अशाच ऐकत असणार. सत्तरीच्या पुढे कान जातात, ते ठाऊक होतं. पण आपणच आपल्याला वाजवून दाखवतोय, हे नव्हतं ठाऊक." ते थोडे हसले. "स्वस्त पडेल. वीजही लागायची नाही."

"काका, माझं चुकलं असेल."

"तुझं नाही चुकत. तुझ्या कानांवर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे."

काकांना सॅक्सोफोन येत असेल, तर दोष रेकॉर्डचा नसून आपला असेल, हे निमिषला आता टाळता येईना. एक शब्द पुरेसा होता, आणि त्या शब्दाच्या मागे काय काय उभे होते हेही त्याला दिसत होते: या खुर्चीवरचा त्याचा हक्क, या भिंतभर रेकॉर्ड्स, काकांचे ते एकच वाक्य. न बोलताही निभावले असते. काका निघून गेले असते, रेकॉर्ड कुणा अनोळखी घरी पोचली असती, आणि एक म्हातारा माणूस कॅलिफोर्नियाच्या उन्हात, स्वतःच्या कानांवर अविश्वास धरून, गप्प बसून राहिला असता.

त्याने टोस्टरवरची रेकॉर्ड उचलली, बाहीने कव्हर पुसले आणि तबकडी टर्नटेबलवर ठेवली.

"राहू दे रे," काका म्हणाले.

"एकदाच. बसा ना, काका."

दोघांनी हेडफोन चढवले. सुई टेकली, थोडी खरखर, मग उजवीकडून झांजेवर फिरणारा ब्रश, पियानोचे सावध पाऊल. डावीकडे काही नव्हते. निमिषने काकांकडे पाहिले. त्यांचे डोळे मिटलेले होते. मांडीवरचे त्यांचे बोट आधी स्वस्थ होते. मग ते हलले, वर गेले, लांबलचक एक वळण घेऊन खाली उतरले, थबकले. ड्रम्सच्या तालावर ते हलत नव्हते. ते दुसऱ्याच कुणाच्या मागून चालले होते.

निमिषने हेडफोन काढले. त्याने ते फिरवले, डावी वाटी उजवीकडे आणि उजवी डावीकडे, आणि पुन्हा कानांवर चढवले. एवढे साधे काम. कुठल्याही इंजिनिअरने सर्वांत आधी केले असते. त्याने केबल बदलली, सुई बदलली, अख्खा संग्रह बदलायला घेतला, आणि हे केले नाही.

सॅक्सोफोन आला. उजव्या कानात, इतका जवळून की वाजवणाऱ्याच्या ओठांचा ओलावा जाणवावा. पूर्ण, भरदार, कुठेही न खरवडलेला. काकांचे बोट जिथे वळले तिथेच वळत होता. आणि ड्रम्स गेले होते, पियानो गेला होता. डावीकडे सुईची खरखरसुद्धा उरली नव्हती.

बाजू संपली. सुई उचलली गेली, दोघांनी हेडफोन उतरवले. काकांनी डोळे उघडले आणि रिवाजाप्रमाणे त्याच्याकडे पाहत राहिले.

"काका, रेकॉर्ड चांगली आहे," निमिष म्हणाला. "तुम्हाला सगळं नीट ऐकू येतं. सॅक्सोफोन आहे तिथे."

"मग?"

डावीकडच्या जिन्यावरून काकूंनी उपम्यासाठी हाक मारली. काकांनी वर पाहिले, म्हणून ती त्याला कळली. गेल्या महिनाभरात असे कितीदा घडले असेल, याचा अंदाज घेण्याचे धाडस त्याला झाले नाही. त्याने मांडीवरचे हेडफोन बाजूला ठेवले.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," तो म्हणाला.